गाणे लिहिणारा, बसवणारा आणि शिकवणारा : थॉमस डॉर्सी

4 एप्रिल 1968 ची संध्याकाळ. अमेरिकेतील मेम्फिस शहरात कृष्णवर्णीय सफाई कामगारांचा संप चालू होता आणि त्यांना पाठिंबा देण्यासाठी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तिथे आले होते. लॉरेन मोटेलच्या गॅलरीत उभे असताना त्यांना खाली बेन ब्रांच हे सॅक्सोफोनवादक दिसले. आज रात्रीच्या सभेत ‘प्रेशस लॉर्ड’ वाजवा आणि छान वाजवा, असे किंग यांनी त्यांना सांगितले. त्यानंतर काही क्षणांतच त्यांना गोळी लागली. पाच दिवसांनी किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी तेच गाणे महेलिया जॅक्सन यांनी गायले.

हे गाणे लिहिणारा माणूस तेव्हा शिकागोत होता. वय 68. गाणे 36 वर्षांपूर्वीचे. त्याचे नाव थॉमस अँड्र्यू डॉर्सी.

1972 साली ‘दलित पँथर’ने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले, हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असते. किंग, माल्कम एक्स यांची नावेही आपल्या भाषणांत येतात. पण ज्या गाण्यांनी त्या समाजाला उभे ठेवले, ती गाणी कोणी लिहिली, कोणी शिकवली, कोणाच्या पैशाने छापली, याची चर्चा आपण फारशी करत नाही. डॉर्सी यांचे आयुष्य त्यासाठी समजून घेण्यासारखे आहे. ते नाचगाण्याच्या अड्ड्यांवरचे पियानोवादक होते, ब्लूजचे गीतकार होते, रेकॉर्ड कंपनीत इतरांची गाणी तयार करून घेणारे होते, चर्चच्या गायकवृंदाचे संचालक होते, प्रकाशक होते आणि गायक घडवणारे शिक्षकही होते. वरवर पाहिले तर हा माणूस एका कामावर टिकलाच नाही असे वाटेल. प्रत्यक्षात आधीच्या प्रत्येक कामात शिकलेली गोष्ट त्यांना पुढच्या कामात उपयोगी पडली.

अर्धवट शाळा, पूर्ण शिक्षण

डॉर्सी यांचा जन्म 1 जुलै 1899 रोजी जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते, पण त्यावर घर चालत नसल्याने शेतीही करत. आई ऑर्गन वाजवत असे. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम 34 वर्षे झाली होती. जमीन गोऱ्यांची, राबणारे हात काळ्यांचे, अशी व्यवस्था तशीच होती.

1908 च्या सुमारास कुटुंब अटलांटा शहरात आले. त्याआधी दोनच वर्षे, 1906 साली, त्या शहरात गोऱ्या जमावांनी अनेक कृष्णवर्णीयांचे जीव घेतले होते. शहरात वडिलांना मजुरी करावी लागली, आई लोकांचे कपडे धुऊ लागली. शाळेत थॉमसला खालच्या वर्गात बसवले गेले आणि चौथीनंतर त्याची शाळा सुटली. मग तो एका नाट्यगृहात खाद्यपदार्थ आणि थंड पेये विकू लागला. तिथे मा रेनी, बेसी स्मिथ यांच्यासारख्या ब्लूज गायिकांचे कार्यक्रम होत. पियानोवादकांची बोटे कशी फिरतात हे पाहत पाहत मुलगा वाजवायला शिकला आणि पुढे लोकांच्या घरच्या मेजवान्यांत वाजवून पैसे मिळवू लागला.

ब्लूज म्हणजे काय, हे इथेच सांगितले पाहिजे. दक्षिणेतील शेतमजुरांच्या, रस्ते-रेल्वेवर राबणाऱ्यांच्या गाण्यातून तयार झालेला हा प्रकार. त्यात दारिद्र्य, विरह, मालकाचा जाच, शारीरिक ओढ, सगळे उघडपणे येते. सूर सरळ लागत नाही. तो मुद्दाम थोडा उतरवला, ओढला, वाकवला जातो. सभ्य समाजाच्या दृष्टीने ते हलक्या लोकांचे गाणे होते. डॉर्सी यांच्या कानात एकीकडे आईचा ऑर्गन आणि चर्चमधले संथ सामूहिक गायन होते, दुसरीकडे हे ब्लूज. पुढे आयुष्यभर त्यांनी या दोन गोष्टी एकत्र आणण्याचे काम केले.

शिकागो : स्थलांतरितांचे शहर

1916 साली डॉर्सी उत्तरेला शिकागोत आले. लाखो कृष्णवर्णीय त्या काळात दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले होते. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या 1910 मध्ये सुमारे 44 हजार होती. 1920 मध्ये ती 1 लाख 9 हजार झाली आणि 1930 मध्ये 2 लाख 34 हजारांच्या घरात गेली. उत्तरेत कायद्याने वेगळे डबे, वेगळे नळ नव्हते, पण वस्त्या वेगळ्याच होत्या. 1919 च्या जुलै महिन्यात मिशिगन सरोवरात पोहताना एक कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या मानल्या गेलेल्या बाजूच्या पाण्यात गेला. त्याच्यावर दगडफेक झाली आणि तो बुडून मेला. त्यातून उसळलेल्या दंगलीत 38 माणसे मारली गेली, त्यांपैकी 23 कृष्णवर्णीय होती. पाण्यावर रेषा ओढणारा समाज कसा असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

या शहरात डॉर्सी यांनी संगीतरचनेचे शिक्षण घेतले आणि स्वरलिपी लिहायला शिकले. 1920 साली त्यांनी आपल्या पहिल्या गाण्याची कॉपीराइट नोंदणी केली. 21 वर्षांचा, चौथी शिकलेला हा तरुण गाणे विकण्याआधी ते आपल्या नावावर करून घेतो, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

त्याच वर्षी मॅमी स्मिथ यांची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी बाजारात आली आणि तुफान खपली. कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही पैसे देऊन तबकड्या घेते, हे कंपन्यांच्या लक्षात आले. मग ‘रेस रेकॉर्ड्स’ या नावाखाली कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या तबकड्या निघू लागल्या. डॉर्सी यांना शिकागोत याच व्यवसायात काम मिळाले.

हे काम कसे चाले? त्या काळी गाण्याची सरकारदरबारी नोंद करायची तर ते स्वरलिपीत कागदावर असावे लागे. नुसते ध्वनिमुद्रण चालत नसे. पण बहुतेक ब्लूज गायकांना स्वरलिपी येत नव्हती. ते येऊन गात. मग कोणीतरी ते ऐकून कागदावर उतरवायचे, आणि त्या कागदाच्या जोरावर प्रकाशन कंपनी गाण्याचा हक्क नोंदवायची. गायकाला बहुधा एकरकमी पैसे मिळत. हक्क मात्र कंपनीकडे जात. डॉर्सी हे उतरवून घेण्याचे काम करत. पुढे व्होकॅलियन कंपनीसाठी त्यांनी संगीत संयोजनही केले आणि इतर गायकांकडून तालमी करून घेऊन त्यांना ध्वनिमुद्रणासाठी तयार केले. आज ज्याला आपण ‘म्युझिक प्रोड्यूसर’ म्हणतो, त्याच्या कामाचा मोठा भाग हाच आहे. कोणते गाणे कोणाच्या गळ्याला शोभेल, कोणत्या पट्टीत घ्यायचे, पियानो कुठे थांबवायचा, तीन मिनिटांच्या तबकडीत ते कसे बसवायचे, हे ठरवणे.

गाणे कोण गातो आणि गाण्याचा मालक कोण होतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे डॉर्सी यांनी त्या खुर्चीवर बसून पाहिले.

मा रेनी आणि आजारपण

1924 मध्ये ब्लूजची सम्राज्ञी म्हणता येईल अशा मा रेनी यांच्यासाठी डॉर्सी यांनी वाद्यवृंद उभा केला. रंगमंचावर एक अवाढव्य ग्रामोफोन ठेवलेला असे. त्यातून आवाज येऊ लागे आणि मग त्याचे दार उघडून स्वतः मा रेनी बाहेर येत. सोन्याच्या नाण्यांचे दागिने घातलेली ही काळी बाई गाऊ लागली की शेतातून आलेले श्रोते तिच्याबरोबर हेलकावे घेत. श्रोत्यांना थांबवायचे कधी, वाट पाहायला लावायची कशी आणि त्यांना सोबत ओढायचे कसे, हे डॉर्सी त्यांच्या मागे पियानोवर बसून शिकले.

1925 मध्ये नेटी हार्पर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. नेटी मा रेनींच्या वेशभूषेचे काम पाहत. पण 1926 मध्ये डॉर्सी कोसळले. आज आपण ज्याला तीव्र नैराश्य म्हणू, तसा आजार. जवळजवळ दोन वर्षे त्यांना वाजवता येईना, लिहिता येईना. आत्महत्येचे विचार येत. त्या काळात नेटी यांनी धुलाईच्या कामावर जाऊन घर चालवले. एका कलावंताच्या ‘प्रतिभे’ची गोष्ट सांगताना अशा बाईचे श्रम गाळले जातात, म्हणून ते इथे नोंदवले पाहिजेत.

दोन वाटांवर एकाच वेळी

1928 मध्ये एका मित्राच्या अकाली मृत्यूनंतर डॉर्सी यांनी ‘इफ यू सी माय सेव्हियर’ हे धार्मिक गाणे लिहिले. पाच डॉलर उसने घेतले आणि गाण्याच्या 500 प्रती देशभरातील चर्चना पाठवल्या. पुढची जवळपास तीन वर्षे मागणी आली नाही.

पोट तर भरायचे होते. त्याच 1928 साली टॅम्पा रेड या गिटारवादकाबरोबर त्यांनी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ‘इट्स टाइट लाइक दॅट’ ही तबकडी काढली. चावट, द्वयर्थी गाणे. ते प्रचंड खपले. या जोडीने पुढच्या काही वर्षांत अशी अनेक गाणी केली. म्हणजे एकच माणूस एका बाजूला देवाचे गाणे लिहीत होता आणि दुसऱ्या बाजूला दारूच्या गुत्त्यात वाजणारे. चर्चच्या मंडळींना हे मुळीच रुचले नाही. डॉर्सी यांनी मात्र ते लपवले नाही. दुःखी माणसाच्या तोंडून निघणारा सूर चर्चमध्ये काय आणि गुत्त्यात काय, एकच असतो, अशी त्यांची धारणा होती.

1930 च्या ऑगस्टमध्ये शिकागोत बॅप्टिस्ट चर्चचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. तिथे विली मे फोर्ड स्मिथ या तरुण गायिकेने ‘इफ यू सी माय सेव्हियर’ गायले आणि सभागृह हलले. त्या अधिवेशनात गाण्याच्या 4,000 प्रती विकल्या गेल्या. गाणे तेच, कागद तोच. टपालाने पाठवलेला कागद कोणी वाचला नव्हता. गळ्यातून आलेले गाणे लोकांनी लगेच उचलले. आपले गाणे गाऊन दाखवणारी माणसे तयार केल्याशिवाय ते चालणार नाही, ही खूणगाठ डॉर्सी यांनी इथे बांधली.

‘सुशिक्षित’ चर्चचा विरोध

उत्तरेतील मोठ्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये तेव्हा हँडेल, मोझार्ट यांसारख्या युरोपीय संगीतकारांच्या रचना गायल्या जात. गायकवृंद प्रशिक्षित, स्वरलिपी वाचणारा. टाळ्या, डोलणे, हुंकार यांना तिथे थारा नव्हता. डॉर्सी गाणी घेऊन गेले की अनेक पाळकांनी त्यांना दारातून परत पाठवले.

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा विरोध ओळखीचा वाटेल. वर चढू पाहणाऱ्या वर्गाला आपल्यातल्याच गरिबांचे वागणे, बोलणे, गाणे लाजिरवाणे वाटू लागते, कारण गोरा समाज त्यावरूनच सगळ्यांना हिणवतो. गुलामगिरीची आठवण देणारा प्रत्येक सूर पुसून टाकला तर मान मिळेल, असा तो हिशेब. यात त्या पाळकांचा दुष्टपणा नव्हता. अपमान टाळण्याची ती धडपड होती. पण तिची किंमत दक्षिणेतून नुकत्याच आलेल्या घरकामवाल्या बायकांना, धुलाई कामगारांना, कत्तलखान्यातील मजुरांना मोजावी लागत होती. त्यांच्याच चर्चमध्ये त्यांच्या आवाजाला जागा नव्हती.

1931 मध्ये एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाळक बदलले. ते स्वतः दक्षिणेतून आलेले होते आणि त्यांना जुन्या वळणाचे गाणे हवे होते. डॉर्सी आणि गायक थिओडोर फ्राय यांनी तिथे गॉस्पेल गायकवृंद उभा केला. 1932 मध्ये पिलग्रिम बॅप्टिस्ट या मोठ्या चर्चने डॉर्सी यांना बोलावले. तिथल्या जुन्या वृंदाच्या प्रशिक्षित संचालकाला हे संगीत हीन वाटत होते. पाळक मात्र हुशार होते. ज्या स्थलांतरितांना चर्चमध्ये आणायचे आहे, त्यांना काय ऐकायला आवडते हे त्यांनी ओळखले. पिलग्रिमशी डॉर्सी यांचे नाते पुढे चार दशकांहून अधिक काळ टिकले.

ऑगस्ट 1932

1932 च्या ऑगस्टमध्ये डॉर्सी कामासाठी सेंट लुईस शहरात गेले होते. नेटी गरोदर होत्या. सभा चालू असतानाच तार आली : बाळंतपणात नेटी यांचा मृत्यू. ते शिकागोत परतले. मुलगा जिवंत होता. पण तोही लवकरच गेला. मायलेकरांना एकाच शवपेटीत पुरले.

डॉर्सी यांनी गाणी सोडून द्यायचे ठरवले होते. काही दिवसांनी मित्र फ्राय यांच्यासोबत असताना ते पियानोपाशी बसले. एका जुन्या स्तोत्राची चाल बोटांतून येऊ लागली आणि तिच्यावर नवे शब्द आले. थकलेला, एकटा पडलेला माणूस हात धरून पुढे नेण्याची विनवणी करतो, एवढाच त्या गाण्याचा आशय. हेच ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’. ते पहिल्यांदा चर्चमध्ये गायले ते फ्राय यांनी.

गाण्याची श्रद्धा ख्रिस्ती आहे. पण ते इतके का पसरले, याचे कारण त्याच्या बांधणीतही आहे. चाल सोपी आणि संथ आहे. एका श्वासात मावणारी छोटी वाक्ये आहेत. प्रत्येक ओळीनंतर जागा मोकळी आहे. ज्याला स्वरलिपी येत नाही तोही दोनदा ऐकून गाऊ शकतो, आणि ज्याचा गळा फिरतो तो त्या मोकळ्या जागेत आपले दुःख ओतू शकतो.

गळा तयार करणे म्हणजे काय

डॉर्सी यांचे छापील कागद पाहिले तर ते अगदी साधे वाटतात. मुख्य चाल आणि पियानोची मूलभूत साथ, बस. बाकीचे गायकाने भरायचे : सूर कुठे वाकवायचा, कुठे शब्द दोनदा घ्यायचा, कुठे नुसता हुंकार द्यायचा. हे कागदावर उतरत नाही. ते समोर बसून शिकवावे लागते. म्हणून डॉर्सी यांना गीतकाराबरोबर शिक्षक व्हावेच लागले.

महेलिया जॅक्सन हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. न्यू ऑर्लिन्समध्ये 1911 साली जन्मलेली ही मुलगी सोळाव्या वर्षी शिकागोत आली. आवाज प्रचंड. तिने एकदा एका संगीतशिक्षकाकडे शिकून पाहिले, तर त्याने हे ओरडणे बंद कर, हे गाणे गोऱ्यांना कळणार नाही, असे सुनावले. ती पुन्हा त्याच्याकडे गेली नाही.

डॉर्सी यांनी तिच्याबरोबर सुमारे दोन महिने काम केले. तिच्या आवाजाचा खडबडीतपणा काढण्याच्या फंदात ते पडले नाहीत. त्यांनी तिचे लक्ष लयीकडे वळवले. महेलियाला जलद गाणी धडाक्यात गाण्याची सवय होती. डॉर्सी यांचे म्हणणे, संथ गाणे घे, हळू उचल, शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचू दे. त्या संथपणामुळे गाण्याचा परिणाम वाढतो आणि मग जलद गाणे आले की लोक आपोआप उभे राहतात. मा रेनींच्या मागे बसून शिकलेले तंत्र ते चर्चच्या गायिकेला देत होते. महेलिया सगळेच ऐकत होती असे नाही. तिचा स्वभाव मोकळा होता आणि तिला बांधून घेणे आवडत नसे. पण पुढे अनेक वर्षे दोघांनी एकत्र दौरे केले, आणि तिच्यासाठीच डॉर्सी यांनी ‘पीस इन द व्हॅली’ लिहिले.

ही परंपरा एका गायिकेवर थांबली नाही. पिलग्रिमच्या गायकवृंदात जेम्स क्लीव्हलंड नावाचा मुलगा गात असे. तो पुढे गॉस्पेलचा मोठा रचनाकार आणि संचालक झाला. 1972 मध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी ‘अमेझिंग ग्रेस’ हा गाजलेला अल्बम केला तेव्हा त्यांच्यासोबत क्लीव्हलंड होते. आपल्या माघारी शिकवणारे तयार झाले, तर ते शिकवणे खरे.

कागद, पैसा आणि सॅली मार्टिन

डॉर्सी यांना व्यवहार फारसा जमत नसे. तो सॅली मार्टिन यांनी सांभाळला. जॉर्जियातून आलेल्या, राकट आवाजाच्या या बाईला स्वरलिपी वाचता येत नव्हती. सुरुवातीला डॉर्सी यांना तिचे गाणे पटले नाही; तिला एकल गायला देण्यास त्यांनी वेळ लावला. पण गाण्यांच्या विक्रीचा हिशेब नीट ठेवला जात नाही, हे तिने पाहिले. तिने हिशेब हातात घेतला, गावोगाव फिरून वृंद उभे केले आणि डॉर्सी यांचे प्रकाशन फायद्यात आणले.

विक्रीची पद्धत साधी होती. महेलिया किंवा सॅली चर्चमध्ये, अधिवेशनात, कधी रस्त्याच्या कोपऱ्यावर गाणे गात आणि डॉर्सी दहा सेंटला एक याप्रमाणे छापील प्रती विकत. मोठ्या गोऱ्या प्रकाशकांच्या दुकानात त्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःची वाट काढली. 1940 मध्ये सॅली मार्टिन वेगळ्या झाल्या आणि केनेथ मॉरिस यांच्याबरोबर त्यांनी शिकागोतच स्वतःची संगीत प्रकाशन संस्था काढली. स्वरलिपी न वाचता येणारी बाई स्वरलिपी छापणाऱ्या संस्थेची मालकीण झाली.

1932-33 मध्ये डॉर्सी, सॅली मार्टिन, मॅग्नोलिया लुईस बट्स आदींनी गॉस्पेल गायकवृंदांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. दरवर्षी देशभरातले वृंद एकत्र यायचे, नवी गाणी शिकायचे, प्रती घेऊन आपल्या गावी परतायचे आणि तिथे इतरांना शिकवायचे. रेडिओवर किंवा मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांवर अवलंबून न राहता एखादे नवे गाणे देशभर पोहोचवणारी ही यंत्रणा होती. डॉर्सी कित्येक दशके तिचे अध्यक्ष राहिले.

गाणे चळवळीत आले ते असे

डॉर्सी हे राजकीय नेते नव्हते. त्यांच्या गाण्यांत सरकारविरोधी घोषणा नाहीत. मग नागरी हक्क चळवळीत ती कशी आली? मोर्चासाठी लागणारी माणसे चर्चमध्ये आधीच रांगेत उभी राहून एकत्र गायला शिकली होती. घरकाम करणारी बाई आठवड्यातून एकदा शेकडो लोकांसमोर उभी राहून मोठ्या आवाजात गात होती. तिच्या अंगात सभेची भीती उरली नव्हती. 1956 च्या अखेरीस माँटगोमेरीच्या बस बहिष्कारासाठी निधी गोळा करण्याच्या कार्यक्रमात महेलिया गायल्या. 28 ऑगस्ट 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चात किंग यांच्या ऐतिहासिक भाषणाआधीही त्याच गायल्या. 1968 चा प्रसंग सुरुवातीला सांगितलाच आहे.

गोऱ्या गायकांनीही ही गाणी उचलली. ‘पीस इन द व्हॅली’ 1951 मध्ये रेड फोली यांच्या आवाजात गाजले. 1957 मध्ये एल्विस प्रेस्ली यांनी ते टीव्हीवर गायले. कृष्णवर्णीयांचे संगीत गोऱ्यांनी घ्यायचे आणि मूळ रचनाकार विस्मरणात जायचा, हे अमेरिकेत वारंवार घडले आहे. डॉर्सी यांचे नाव मात्र गाण्यावर राहिले, कारण ते कागदावर होते. 1979 मध्ये नॅशव्हिलच्या गीतकारांच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जाणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. 23 जानेवारी 1993 रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले.

आपल्या वस्तीतले प्रश्न

आंबेडकरी जलशांपासून आजच्या भीमगीतांपर्यंत आपलीही गाण्याची मोठी परंपरा आहे. वस्तीत काम करताना मी पाहते, जयंतीच्या आधी मुले-मुली मोबाईलवर ऐकून गाणी बसवतात, उत्तम गातात. हे शब्द कोणाचे, असे विचारले की बहुतेकदा गायकाचे नाव सांगितले जाते. कवीचे नाव माहीत नसते. ज्याने चाल लावली त्याचे तर नाहीच.

डॉर्सी यांच्या आयुष्यातून तीन-चार कामे सरळ उचलण्यासारखी आहेत. एक, आपल्या भागातील जुन्या गायक-शाहिरांकडून गाणी उतरवून घेताना कवी, चाल, साल आणि गाव यांची नोंद करावी. दोन, नुसती स्पर्धा न भरवता शिकवणी सुरू करावी. आठवड्यातून एक दिवस, एक जाणता गायक, दहा मुले आणि मुली. त्यात मुलींचा आवाज ‘फार मोठा’, ‘फार राकट’ म्हणून बाजूला सारू नये. सॅली आणि महेलिया यांनाही तसेच सारले जात होते. तीन, गावोगावच्या पथकांनी वर्षातून एकदा भेटून एकमेकांची गाणी शिकावीत.

चौथी गोष्ट हक्काची. भारतात कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. गाणे लिहिले की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर ती पुरावा म्हणून कामी येते. हा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा आहे. तो सोडून देण्याचा करार कंपनी करून घेऊ शकत नाही. तो हक्क फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. आपल्या किती गीतकारांना हे माहीत आहे? कोऱ्या कागदावर सही करून काही हजारांत गाणे देऊन टाकणारा कवी, आणि त्याच गाण्यावर यूट्यूबवर लाखो व्ह्यूज मिळवणारे चॅनेल, ही स्थिती बदलायची असेल तर सुरुवात या माहितीपासून करावी लागेल.

पुढच्या जयंतीला मंचावरून गाणे सुरू होण्याआधी निवेदकाने कवीचे आणि संगीतकाराचे नाव घ्यावे. त्याला अर्धा मिनिट लागतो. ते नाव शोधून काढण्याचे काम मात्र आतापासून सुरू करावे लागेल, कारण सांगू शकणारी म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.